हॉस्टेलच्या नेटवर ऑनलाइन गेम: पहिल्या वर्षासाठी पायरीपायरीने

रात्रीचे दहा वाजलेत. स्पीड टेस्ट ऐंशी एमबीपीएस दाखवते, शेजारच्या खाटेवर रूममेटची वेब सिरीज न अडखळता चाललीय, आणि तुमच्या व्हॅलोरंटमध्ये मात्र समोरचा खेळाडू भिंतीआड जाता जाता एकदम तुमच्या पाठीमागे उगवतो. हॉस्टेलमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच: नेट एवढं चांगलं, मग गेमच का लॅग होतोय?

मी महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये चार वर्षं काढली. त्यातली शेवटची दोन वर्षं आमच्या विंगच्या नेटच्या तक्रारी गोळा करून कॉम्प्युटर सेंटरपर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे होतं. एक गोष्ट तेव्हा पक्की कळली. हॉस्टेलमध्ये गेम बिघडतो तो बहुतेक वेळा रांगेमुळे. रांग कुठे लागलीय ते शोधता आलं की पुढचं सोपं आहे, आणि ते शोधायला कॉम्प्युटर इंजिनिअर असावं लागत नाही. आमच्या विंगमध्ये हे सगळ्यात नीट करणारा मुलगा सिव्हिलचा होता.

आधी एवढं समजून घ्या

गेमला नेट फार लागत नाही. फुल एचडी व्हिडिओ तासाला दीड ते तीन जीबी खातो, बहुतेक शूटिंग गेम तासाला काही शे एमबीमध्ये भागवतात. पण व्हिडिओला एक सवलत असते. तो पुढचा अर्धा मिनिट आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मध्ये दोन सेकंद नेट अडकलं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. गेमला पुढचं काही साठवून ठेवता येत नाही, कारण समोरचा खेळाडू पुढच्या क्षणी काय करणार हे अजून घडलेलंच नसतं. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो, म्हणजे साधारण दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. तुमचं पाकीट, म्हणजे नेटवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा, त्या वेळेत पोचलं नाही तर सर्व्हर तुमच्यासाठी थांबत नाही.

स्पीड म्हणजे रस्ता किती रुंद आहे, आणि पिंग म्हणजे जाऊन यायला किती वेळ लागला. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे परतताना खालापूरच्या टोलनाक्यावर तुमची गाडी कितीही भारी असो, पुढच्या गाड्या सरकल्याशिवाय ती हलत नाही. कॉलेजच्या मुख्य राउटरवर रात्री दहाला हेच होतं. समजा कॉलेजकडे १ जीबीपीएसची लाइन आहे आणि हॉस्टेलमधली ६०० मुलं एकाच वेळी पाच-पाच एमबीपीएसचा व्हिडिओ बघतायत. मागणी झाली ३ जीबीपीएस. उरलेली पाकिटं राउटर रांगेत उभी करतो, आणि रांगही भरली की सरळ टाकून देतो. तुमचं इवलंसं गेमचं पाकीट त्याच रांगेत असतं.

अंतराचाही हिशेब आहे. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुण्याहून मुंबई सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला सव्वा मिलिसेकंद. नागपूरहून मुंबई सरळ रेषेत सातशे, म्हणजे ७ मिलिसेकंद. सिंगापूर मुंबईपासून ३,९०० किलोमीटर, तिथे ३९ मिलिसेकंद लागणारच. तार सरळ रेषेत टाकलेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे याहून जास्त येतात, पण याच्या खाली कुणीही जाऊ शकत नाही. म्हणून व्हॅलोरंट असो की काउंटर स्ट्राइक २, मुंबईचा सर्व्हर सोडून दुसरीकडे खेळू नका. काउंटर स्ट्राइकमध्ये मॅच शोधताना जास्तीत जास्त किती पिंग चालेल ते ठरवायची सेटिंग आहे. ती ५०-६० वर आणून ठेवा, नाहीतर खेळाडू कमी असताना गेम तुम्हाला दूरच्या सर्व्हरवर टाकतो.

तीन शब्द कायम लक्षात ठेवा. पिंग म्हणजे जाऊन यायचा वेळ. जिटर म्हणजे तो वेळ किती हलतो. पॅकेट लॉस म्हणजे शंभरातली किती पाकिटं वाटेतच हरवली. माझ्या मते नवा माणूस पिंगलाच फार घाबरतो. स्थिर ६० पिंगवर सवयीने चांगलं खेळता येतं. २० वरून १५० वर, तिथून परत २० वर उड्या मारणाऱ्या पिंगवर कुणालाच खेळता येत नाही.

पायरी पहिली: मोजा, आणि तीन दिवस लिहून ठेवा

काहीही विकत घेण्याआधी, कुणाकडेही तक्रार करण्याआधी हे करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) लिहून एंटर दाबा. जी यादी येते त्यात 'डीफॉल्ट गेटवे' अशी ओळ असते, तिच्यापुढचा पत्ता कागदावर उतरवून घ्या. तुमच्या खोलीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाचा हा पहिला थांबा.

आता 'पिंग' (ping) लिहा, एक जागा सोडा, तो पत्ता टाका, परत एक जागा सोडून आडवी रेघ आणि इंग्रजी 'टी' लिहा. दर सेकंदाला एक ओळ पडू लागेल. दुसरी तशीच खिडकी उघडून तिथे १.१.१.१ या पत्त्याला पिंग लावा. हा पत्ता कॉलेजच्या बाहेरचा आहे आणि जवळपास कायम उत्तर देतो. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून दोन मिनिटं नुसतं बघत राहा. थांबवायला कंट्रोल आणि सी एकत्र दाबा. खाली सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त, सरासरी आणि हरवलेली पाकिटं असा हिशेब मिळतो.

माझ्या वहीतलं एक पान असं होतं (पिंगचे आकडे मिलिसेकंदांत):

सोमवार, रात्री ९:५०, वायर. गेटवे १ ते ३. बाहेर ४० ते २२०. शंभरातली ४ हरवली.

मंगळवार, सकाळी ६:१५, वायर. गेटवे १. बाहेर ९ ते ११. एकही हरवलं नाही.

मंगळवार, रात्री १०:१०, वायफाय, खाटेवरून. गेटवे ३ ते ८५. बाहेर ५० ते ३००. शंभरातली ९ हरवली.

आता हे वाचायचं कसं? गेटवेचाच आकडा उड्या मारत असेल तर दोष तुमची खोली आणि कॉरिडॉर यांच्यामध्ये आहे, म्हणजे वायफाय किंवा वायर. तो तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता. गेटवे एक-दोनवर शांत आहे पण बाहेरचा आकडा फक्त रात्री चढतो, तर कॉलेजच्या लाइनवर गर्दी आहे. तिथे वेळ बदलणं किंवा कॉम्प्युटर सेंटरशी बोलणं हेच दोन मार्ग. आणि दोन्ही आकडे शांत असताना गेममध्ये पिंग जास्त दिसत असेल, तर आधी सर्व्हर कुठला निवडलाय ते बघा. काही कॉलेजांत गेटवेला पिंगचं उत्तर द्यायला बंदी असते, तेव्हा त्या खिडकीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' एवढंच येतं. त्याचा अर्थ नेट गेलं असा होत नाही, बाहेरचा पत्ता चालतोय ना ते बघा.

माझ्याकडे आलेल्या तक्रारींत अर्ध्याहून जास्त वेळा दोष पहिल्या टप्प्यातच निघाला. मुलं कॉलेजला नावं ठेवत होती आणि खोळंबा त्यांच्या खाटेपासून कॉरिडॉरपर्यंतच्या वीस फुटांत होता.

पायरी दुसरी: वायर

खोलीत भिंतीवर लॅनचं, म्हणजे नेटची वायर लावायचं, सॉकेट असेल तर बाकी सगळं सोडा आणि ते आधी चालू करून घ्या. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर हीच करा. वायफायमध्ये एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात. कॉरिडॉरमधल्या एका ॲक्सेस पॉइंटवर (वायफाय देणाऱ्या डब्यावर) आठ खोल्यांचे चोवीस फोन आणि लॅपटॉप असले की तुमचं पाकीट कॉलेजच्या रांगेत पोचायच्या आधीच इथल्या रांगेत उभं राहतं. वायरला हा त्रास नाही.

दहा मीटरची तयार कॅट ६ वायर घ्या. कॅट ५ईसुद्धा चालते, तीही शंभर मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा गिगाबिट ॲडॅप्टर मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर चार दुकानं फिरून घासाघीस करता येते. वायर खाटेच्या पायाखाली चेपू नका आणि दाराच्या फटीतून नेऊ नका. महिनाभरात आतला एखादा तारेचा धागा तुटतो, नेट चालू दिसतं आणि पाकिटं हरवायला लागतात. असं झालं तर सेटिंग्ज बघत बसण्याआधी मित्राची वायर लावून बघा.

सॉकेट मेलेलं असेल तर नुसतं 'नेट चालत नाही' असं रजिस्टरमध्ये लिहू नका. सॉकेटवर बारीक अक्षरात नंबर असतो, तो लिहा. त्या नंबरवरून तंत्रज्ञाला रॅकमधली नेमकी वायर सापडते आणि काम एका फेरीत होतं.

वायर शक्यच नसेल तर वायफायमधून जेवढं काढता येईल तेवढं काढा. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वेगळं दिसत असेल तर तेच जोडा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्ख्या हॉस्टेलची गर्दी तिथेच असते. टेबल दाराजवळ हलवा. तुमच्या आणि ॲक्सेस पॉइंटच्या मध्ये लोखंडी कपाट येत असेल तर कपाटाची जागा बदला. आमच्या एका मित्राचं एवढ्यावरच भागलं. ब्लूटूथ हेडफोनही २.४ मध्येच बोलतात, शिवाय आवाज उशिरा पोचवतात, तेव्हा गेमसाठी वायरवाले घ्या.

स्वतःचा राउटर लावण्याआधी थांबा

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण यातून मी अख्ख्या मजल्याचं नेट घालवलं होतं.

दुसऱ्या वर्षी घरून जुना राउटर आणला. भिंतीच्या सॉकेटमधली वायर राउटरच्या पिवळ्या पोर्टमध्ये खोचली, कारण पिवळी चार होती आणि निळं एकच. माझं वायफाय सुरू झालं, नेट मात्र येईना. थोड्या वेळाने कॉरिडॉरमध्ये दारं उघडू लागली. पलीकडच्या खोलीतल्या दादाची दुसऱ्या दिवशी सकाळी ऑनलाइन मुलाखत होती. तो लॅपटॉप हातात घेऊन दारोदार विचारत फिरत होता, आणि मला अजून कळलं नव्हतं की हे माझ्यामुळे झालंय.

झालं असं होतं. प्रत्येक राउटर त्याच्या लॅन पोर्टवर येणाऱ्याला पत्ता वाटतो. मी वायर उलट्या बाजूला लावल्यामुळे माझा राउटर सगळ्या मजल्याला पत्ते वाटू लागला. कॉलेजच्या यंत्राच्या आधी ज्याला माझ्या राउटरचं उत्तर पोचलं त्याला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळाला, आणि तिथून बाहेर जायला वाटच नव्हती. कॉम्प्युटर सेंटरच्या सरांनी दीड तासाने माझ्या खोलीचं पोर्ट शोधून बंद केलं. मी त्या दादाची रात्रीच माफी मागितली.

म्हणून सांगतो. आधी नियमावली वाचा, बऱ्याच हॉस्टेलांत स्वतःचा राउटर लावायला सरळ बंदी असते, आणि ती का असते हे आता तुम्हाला कळलंय. परवानगी असेल तर भिंतीकडची वायर फक्त 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या पोर्टमध्ये. आणि सगळ्या मजल्याचं नेट एकाएकी गेलं, कुणाच्या तरी लॅपटॉपवर अनोळखी गेटवे दिसतोय, तर विंगच्या ग्रुपवर लगेच विचारा की आज कुणी राउटर लावलाय का. ओरडू नका. लावणाऱ्याला बहुधा माहीतच नसतं.

पायरी तिसरी: तुमच्याच लॅपटॉपची गळती

बाहेरची रांग तुमच्या हातात नाही, पण स्वतःच्या दारातली आहे. विंडोज अपडेट उतरवतोच, शिवाय ते आजूबाजूच्या कॉम्प्युटरना वाटतोही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन उघडून वाटप बंद करा. स्टीममध्ये (गेम विकत घेऊन उतरवायचं ॲप) डाउनलोडच्या सेटिंगमध्ये अपडेटची वेळ पहाटे तीन ते सात अशी बांधून द्या.

वर चढणारी पाकिटं लोक विसरतात. राजगडाचा ट्रेक करून आलेल्या रविवारी रात्री सगळ्यांचे फोन एकदम शेकडो फोटो आणि व्हिडिओ वर चढवायला घेतात, आणि त्या रात्री पिंग हमखास उडतो. निदान तुमचा फोन आणि वनड्राइव्ह खेळताना थांबवा. रूममेटलाही विनंती करा, आदल्या दिवशी, चहा पिताना. मॅच चालू असताना ओरडून सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

नवा गेम घ्यायचा असेल तर आधी विंगमध्ये विचारा की तो कुणाकडे आहे का. २०२३ पासून स्टीममध्ये एका कॉम्प्युटरवरचा गेम शेजारच्या कॉम्प्युटरवर आतल्या जाळ्यातून घेता येतो. ४० जीबीचा गेम १ जीबीपीएसच्या पोर्टवर सहा-सात मिनिटांत, १०० एमबीपीएसच्या पोर्टवर तासाभरात येतो, आणि कॉलेजच्या बाहेरच्या लाइनवर जवळपास काहीच भार पडत नाही. विंगमधल्या दहा जणांनी हे केलं की सगळ्यांची रात्र सुधारते.

पायरी चौथी: वेळ आणि लॉगिन

तुमच्या वहीतले आकडे बघून रँक्ड मॅचची वेळ ठरवा. आमच्याकडे संध्याकाळी पाच ते सात आणि सकाळी सहा ते आठ या वेळा सोन्यासारख्या होत्या, रात्री साडेनऊ ते साडेअकरा सगळ्यात वाईट. त्या दोन तासांत बुद्धिबळ खेळा, पत्त्यांचा गेम खेळा, सरावाचा नकाशा चालवा, पण रँक पणाला लावू नका. सबमिशनच्या आठवड्यात आणि ऑनलाइन परीक्षांच्या दिवशी तर मोठी डाउनलोड लावूच नका. तेव्हा एकाच्या गेमपेक्षा दुसऱ्याची परीक्षा मोठी असते, हे मला मनापासून वाटतं.

बहुतेक हॉस्टेलांत ब्राउझरमध्ये नाव आणि पासवर्ड टाकून लॉगिन करावं लागतं, आणि ते ठराविक तासांनी आपोआप तुटतं. मॅचच्या मध्यात ते तुटलं की तुम्ही बाहेर, टीममधले चार जण तुमच्याविना खेळतात, आणि वर गेम तुम्हालाच दंड करतो. तेव्हा लॉगिन किती वेळ टिकतं ते एकदा घड्याळ लावून मोजा. रँक्ड खेळण्याआधी लॉगआउट करून ताजं लॉगिन करा. काही ठिकाणी लॉगिनचं पान बंद केलं की नेट जातं, ते टॅब उघडं ठेवा.

फोनवर बीजीएमआय खेळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. कॉलेजने तुमच्या फोनचा मॅक पत्ता (वायफायवरची त्याची ओळख) नोंदवून घेतला असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये 'रँडमाइज्ड मॅक' किंवा 'प्रायव्हेट ॲड्रेस' त्या नेटवर्कपुरतं बंद करा. नाहीतर फोन नोंदवलेल्या पत्त्याऐवजी बनवलेला पत्ता सांगतो, आणि यंत्र त्याला ओळखत नाही.

फोनचा डेटा हाताशी ठेवा. नेट गेलंच तर फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून टेदरिंग करा, हॉटस्पॉटपेक्षा ते स्थिर चालतं. मॅचमधून बाहेर पडालच, पण परत जोडून घेता येतं.

पायरी पाचवी: लॉबीपर्यंत जातो, मॅच सुरू होत नाही

हे लक्षण ओळखायला शिका. गेममध्ये लॉगिन होतं, मित्र ऑनलाइन दिसतात, दुकान उघडतं, मॅचही सापडते, आणि मग नकाशा लोड होताना सगळं थांबतं. लॉबी साध्या वेबसाइटच्याच वाटेने, ४४३ नंबरच्या पोर्टवरून चालते (इथे पोर्ट म्हणजे वायर खोचायची जागा नव्हे, नेटवरच्या वाटेचा नंबर). प्रत्यक्ष मॅच बहुतेक गेममध्ये यूडीपी नावाच्या वेगळ्या पद्धतीने, वेगळ्या पोर्टवरून. कॉलेजच्या फायरवॉलने (काय जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याने) तेवढीच वाट बंद केलेली असते. व्हॅलोरंटला यूडीपी ७००० ते ७५०० लागतात, स्टीमवरच्या गेमना यूडीपी २७००० ते २७१००, माइनक्राफ्ट जावाला टीसीपी (पाकीट पोचल्याची खात्री करणारी दुसरी पद्धत) २५५६५.

अशा वेळी सीनियर पहिला सल्ला देतात तो व्हीपीएनचा. मी तो देणार नाही. कॉलेजचे नियम मोडले की तुमचं लॉगिन बंद होऊ शकतं आणि त्यासोबत अभ्यासाचं नेटही जातं. शिवाय व्हीपीएन तुमचं पाकीट आधी त्यांच्या सर्व्हरला नेतो, तिथून गेमच्या सर्व्हरला, म्हणजे अंतर वाढतंच. फुकटच्या व्हीपीएनला तर तुमचा पासवर्ड असलेला लॅपटॉप जोडूच नका.

त्यापेक्षा अर्ज करा. कॉम्प्युटर सेंटरची बाजूही समजून घ्या. बऱ्याच सरकारी संस्था आणि विद्यापीठं २०१० साली मंजूर झालेल्या नॅशनल नॉलेज नेटवर्कशी जोडलेली आहेत, आणि ते उभारलंय शिक्षण आणि संशोधनासाठी. उद्या प्रयोगशाळेचं काम अडलं तर जाब त्यांना द्यावा लागतो. त्यामुळे 'गेम ब्लॉक आहे, उघडा' असा अर्ज सरळ बाजूला पडतो. आमचा जो मंजूर झाला त्यातला मजकूर साधारण असा होता:

'आमच्या हॉस्टेलमधले १४ विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन ई-स्पोर्ट्स स्पर्धेचा सराव करतात. लॉगिन होतं, सामना सुरू होत नाही. यूडीपी ७००० ते ७५०० हे पोर्ट फक्त आतून बाहेर जाणाऱ्या जोडणीसाठी, फक्त हॉस्टेलच्या नेटवर्कपुरते, संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत उघडता येतील का? बाहेरून आत येणारं काहीही उघडण्याची गरज नाही. सगळे एकदम खेळले तरी वापर १५ एमबीपीएसच्या आत राहील. तीन दिवसांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. परीक्षेच्या काळात हे बंद ठेवावे, आमची हरकत नाही.'

शेवटच्या दोन वाक्यांनी काम केलं असं मला वाटतं. सरांनी नोंदी बारकाईने वाचल्या आणि 'गेटवेचा आकडा कुणी लिहिला?' एवढंच विचारलं. रेक्टरांची सही आधी घ्या, म्हणजे कागद परत येत नाही. आणि अर्जात हे सांगायला हरकत नाही की डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतलं. पैसे लावून खेळायच्या गेमचा मात्र यात विषयच येत नाही. त्यांच्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कॉलेजच्या लॉगिनवरून तर त्याकडे फिरकूही नका.

पोर्ट उघडले तरी 'नॅट टाइप स्ट्रिक्ट', म्हणजे बाहेरून थेट तुमच्याशी जोडता येत नाही, असं दिसेल. ते बदलत नाही, कारण हजार मुलं मोजक्याच सार्वजनिक पत्त्यांमागे बसलेली असतात. स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या गेमना त्याने फरक पडत नाही. एका खेळाडूच्या यंत्रावर दुसरे जोडले जातात अशा गेममध्ये मात्र यजमान तुम्ही होऊ नका, घरी ब्रॉडबँड असलेल्या मित्राला होऊ द्या.

गेममधल्या दोन सेटिंग आणि तीन खोट्या आशा

पिंग आणि पॅकेट लॉसचे आकडे पडद्यावर कायम दिसतील असं करा. जिटर असेल तर व्हॅलोरंटमध्ये 'नेटवर्क बफरिंग' एक पायरी वाढवा. काउंटर स्ट्राइक २ मध्येही अशीच एक-दोन पाकिटं राखून ठेवायची सेटिंग आहे. किंचित उशीर वाढतो, पण उड्या कमी होतात, आणि हॉस्टेलमध्ये हा सौदा परवडतो.

'पिंग बूस्टर' ॲप कॉलेजची रांग कमी करू शकत नाही, पैसे घालवू नका. डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून वेबसाइट जरा लवकर उघडेल, मॅचमधला पिंग हलणार नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत नेगलचा अल्गोरिदम (छोटी पाकिटं साठवून एकदम पाठवायची पद्धत) बंद करायची युक्ती टीसीपीसाठी आहे, आणि तुमची मॅच यूडीपीवर चालते.

आणि दुसऱ्यांचं नेट तोडणारी ॲप्स कधीही वापरू नका. ती सगळ्या मजल्याला 'गेटवे मीच आहे' असं खोटं सांगतात. मग मजल्याची सगळी पाकिटं तुमच्या लॅपटॉपमधून जायला लागतात, तुमचा स्वतःचा पिंगही चढतो, आणि कुणाच्या तरी घरचा व्हिडिओ कॉल तुटतो. कोण करतंय हे कॉम्प्युटर सेंटरला फार वेळ लागत नाही कळायला.

ज्या रात्री नेट चालतच नाही

त्या रात्री लॅनवर खेळा, म्हणजे बाहेरच्या नेटशिवाय, लॅपटॉप एकमेकांना जोडून. हॉस्टेलमध्ये राहण्याचा हा खरा फायदा आहे, घरी बसून खेळणाऱ्याला तो मिळत नाही. कॉलेजच्या वायफायवर हे बहुधा चालणार नाही, कारण तिथे एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी सोय केलेली असते. आठ पोर्टचा साधा नेटवर्क स्विच (सगळ्यांच्या वायरी एकमेकींना जोडणारा डबा) घ्या, प्रत्येकाची वायर त्यात लावा, आणि त्या स्विचची वायर भिंतीच्या सॉकेटला लावू नका.

नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पत्ते हाताने द्या: पहिल्याला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला शेवटी २, तिसऱ्याला ३. सबनेट मास्क सगळ्यांना २५५.२५५.२५५.०. गेटवेची जागा रिकामी. विंडोजने विचारलं तर हे नेटवर्क 'प्रायव्हेट' निवडा, नाहीतर फायरवॉल एकमेकांना दिसू देत नाही. मग एकमेकांना पिंग लावा. एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर येतं. माइनक्राफ्टमध्ये एकाने जग उघडून 'ओपन टू लॅन' दाबलं की बाकीच्यांच्या यादीत ते आपोआप दिसतं, काउंटर स्ट्राइक १.६ मध्ये एकाने सर्व्हर बनवला की लॅनच्या टॅबमध्ये येतो. आपापल्या खात्यात लॉगिन मात्र संध्याकाळी नेट असतानाच करून ठेवा. खेळ झाल्यावर पत्ता परत 'ऑटोमॅटिक' करायला विसरू नका, नाहीतर सकाळी लॅबचं काम उघडणार नाही.

पाच जणांना पाच वायरी, एक स्विच आणि दोन एक्स्टेंशन बोर्ड लागतात. बोर्ड जेवणाआधीच मागून आणा, मेसमधून परत येईपर्यंत ते इस्त्रीवाल्यांकडे गेलेले असतात.